दुसऱ्या भाकरीचा शब्द

आमच्या घरात पहिली भाकर मागावी लागत नसे. माय ती तव्यावरून थेट ताटात टाकायची. दुसरी मात्र फुकट मिळत नसे. बाबांनी सकाळी दिलेला इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि तो लॅटिनमधल्या कुठल्या शब्दापासून निघाला, एवढं न अडखळता सांगितलं की मग दुसरी भाकर. मी आणि माझी धाकटी बहीण मंदा भिंतीला पाठ लावून बसायचो. चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तडतडत असायच्या, पातेल्यात आंबाडीची भाजी रटरटत असायची आणि बाबा शाळेतल्यासारखे ताठ बसून म्हणायचे, "हं, सुमन. सांग." मग मी सांगायचे. जेंटॅक्युलर म्हणजे न्याहारीसंबंधीचं, लॅटिनमध्ये येंटाकुलम म्हणजे न्याहारी. आमची न्याहारी म्हणजे रात्रीची उरलेली भाकर आणि गुळाचा काळा चहा. पण तिच्यासाठी एवढा भारदस्त शब्द जगात आहे याचं बाबांना फार सुख वाटे. स्टर्न्यूटेशन म्हणजे शिंक. फॅमेलिक म्हणजे भुकेला, कारण फामेस म्हणजे भूक. हा शब्द मंदाला लगेच पाठ झाला. भाकरीकडे बघत बघत ती तो म्हणायची आणि बाबांनाही हसू यायचं. हे शब्द पुढच्या आयुष्यात मला एकाही वर्तमानपत्रात भेटले नाहीत, घराबाहेर एकाही माणसाच्या तोंडी ऐकू आले नाहीत. आता या वयात कालचं जेवण आठवत नाही, पण येंटाकुलम आठवतं. डोक्यात काय राहील आणि काय जाईल हे आपल्या हातात नसतं, आणि त्याबद्दल चिडायचं त्राणही आता उरलेलं नाही.

आम्ही अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे एका वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, शेणानं सारवलेली जमीन, वर कवेलूंचं छप्पर. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या खालच्या फळीवर बाबांचा इंग्रजी शब्दकोश कापडात गुंडाळून ठेवलेला असे. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. पहिली ते चौथी. तिथे इंग्रजी शिकवतच नसत, त्यामुळे एवढं इंग्रजी येऊनही बाबांनी जन्मभर मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवले. त्यांचं इंग्रजी संध्याकाळी घरी यायचं आणि आम्हा दोघींच्या ताटाशी येऊन बसायचं. नांदगाव खंडेश्वरला त्यांच्या दोन विधवा बहिणी होत्या. पगारातला बराच भाग तिकडे जाई. म्हणून माय जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची.

तो कोश कसा आला हे बाबांनी आम्हाला पुष्कळदा सांगितलं होतं. आमचे आजोबा एका पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर बागेत कामाला होते. बाबा शाळेतून सुटले की तिकडे जाऊन बसत. त्या वेळी हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या पंडितांनी बाबांना वर्गात घेतलं नाही. "तू फारसी घे," म्हणाले. फारसी शिकवणारे मौलवी शाळा सोडून गेलेले. त्या तासाला बाबा बाहेर व्हरांड्यात बसून राहत आणि आतून येणारी विभक्तिरूपं ऐकत. पाद्रीसाहेब मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी हा जाडा कोश बाबांना दिला. त्यात काही शब्दांच्या आधी बारीक खंजिराची खूण होती. ती खूण म्हणजे शब्द मेलेला, आता तो कोणी वापरत नाही. बाबांना नेमके हेच शब्द आवडले. जिवंत इंग्रजीवर साहेबाचा हक्क होता, संस्कृतवर पंडितांचा. या मेलेल्यांना वाली नव्हता. त्यांच्या मागे कंसात लॅटिन असे. ते बोलणारेही मरून गेलेले. "इथे दारावर कोणीच बसलेलं नाही," बाबा म्हणायचे. "कधीही आत जा, कोणी विचारत नाही तू कोण." लॅटिन कसं उच्चारायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. जसं दिसेल तसं ते वाचत, आणि तसंच ते माझ्या जिभेवर बसलं.

माय अंगठाबहाद्दर. जिनाचा भोंगा झाला की निघायची आणि दिवस कलल्यावर यायची, तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, लुगड्याच्या घडीत कापसाचा पांढरा भुसका अडकलेला असे. आली की आधी अंगणात उभी राहून खोकायची. मग हातपाय धुऊन चुलीपुढे बसायची. बाबांनी तिला कधी शब्द विचारला नाही. ती आमच्या जेवणात नव्हतीच. आम्ही उठलो की ती तिथेच चुलीशी जेवत असे. पण कान कोणाचे बंद असतात? रोज भाकरी थापताना ऐकून ऐकून तिनं ते शब्द आपसूक उचलले आणि आमच्यासारखे पाठ करून ठेवून न देता सरळ वापरायला काढले. सकाळी मी अंथरुणात जांभया देत बसले की म्हणायची, "काय वं सुमे, आसिटेशन करून राहिली का? ऊठ, पानी भरून आन." ऑसिटेशन म्हणजे जांभई. मंदा जेवायला लवकर आली की, "आली माही फामेलिक." आणि जिनातून आल्यावर उंबऱ्यात टेकून, "लय लासिटूड आला बापा आज."

हा लॅसिट्यूड बाबांनी एकदाच दिला होता. म्हणजे थकवा. त्याच्यापुढे खंजीर नव्हता, तो जिवंत शब्द होता. आमच्या घरातला बहुधा तेवढाच. मायनं बरोबर तोच धरला होता. बाबा तिला समजावत, "अगं, शब्द असा नाही वापरत. आला म्हणत नाहीत."

"मंग काय म्हनतेत? मले तं रोजच येते. भोंगा वाजला का येते."

"आणि ते बाकीचे मेलेले शब्द आहेत. बोलण्यात घालायचे नसतात."

"मेले तं मेले. आपल्या घरी जेवाले येऊन राहिले नं?" यावर बाबा चष्मा पुसत बसत.

या सगळ्याचा मला कंटाळा कधी आला ते नक्की सांगता येणार नाही, पण मॅट्रिकच्या सुमाराला तो पुरता आला होता. कारण असं की साधं इंग्रजी मला येत नव्हतं. जांभईला इंग्रजीत 'यॉन' असा एका घासाचा शब्द आहे हे मला मैत्रिणीच्या पुस्तकातून कळलं. आमच्या घरी जांभईसुद्धा लॅटिनमधून यायची. परीक्षेसाठी मी एकेक साधा शब्द नव्यानं शिकले, पास झाले, पुढे कॉलेजात गेले, बी.ए. झाले. पण घरी दुसरी भाकर होती तिथेच होती. एकवीस-बावीस वर्षांची घोडी झाले तरी मी ताटापुढे बसून "निघाला अमुकपासून" म्हणत होते. एखाद्या दिवशी दुसरी भाकरच नको म्हणायचे, तेवढाच सुटकेचा श्वास. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळत असे. माय काही न बोलता ती भाकर टोपलीत परत ठेवायची.

त्या उन्हाळ्यात मायचा खोकला वाढला. जिनातल्या जुन्या बायांचं होतं तसंच. आधी कोरडा, मग थांबेना. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहा म्हटलं आणि माय दुसऱ्या दिवशी भोंग्याला निघून गेली. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका हवी होती. मी अर्ज केला. मला बोलावणं आलं त्या रात्री घरातल्या चौघांनाही हिशोब ठाऊक होता. मी लागले तर मायचं जिन सुटणार होतं. नाही लागले तर नाही. बाबा निवृत्तीला आलेले, मंदा शिकत होती. तिसरा रस्ता नव्हता.

बाबा माझ्याबरोबर आले. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. जून संपत आलेला तरी आभाळ कोरडंच होतं आणि डब्यातल्या लाकडी बाकड्याला हात लावला तर चटका बसत होता. मायनं फडक्यात बांधून दिलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा आम्ही मूर्तिजापूरच्या आधीच संपवला. बाबा म्हणाले, "धडा सुरू करताना एक शब्द दे. मुलींना आणि कमिटीला, दोघांनाही लक्षात राहशील."

मी म्हटलं, "बाबा, मी साधं शिकवणार आहे."

"तुझी मर्जी," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. एवढ्या लवकर त्यांनी माघार घेतलेली मी पूर्वी पाहिली नव्हती. मला उलट बरं वाटलं.

शाळेत कमिटीसमोर आठवीच्या वर्गाला धडा घ्यायचा होता. वर्गाच्या मागच्या बाजूला तीन खुर्च्या. मधे संस्थेचे अध्यक्ष, वयस्क वकील, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवलेले. एका बाजूला मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला चिटणीस. बाबा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. खिडकीच्या गजांमधून त्यांची टोपी मला दिसत होती. दुपारची वेळ, अकोल्याचं ऊन, मुली डबे खाऊन आलेल्या. मी फळ्यावर छोटी छोटी इंग्रजी वाक्यं लिहिली. मी सकाळी उठते, मी तोंड धुते, मी शाळेत जाते. वाचून घेतली. माझं मलाच कळत होतं की धडा मरगळलेला चालला आहे. चिटणीस पाकिटावर काही गिरवत होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं टाळू दिसेल एवढी जांभई दिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय वं, ऑसिटेशन करून राहिली का?"

मी असं ठरवलं नव्हतं. आमच्या घरात कोणी जांभई दिली की हेच म्हणत, म्हणून मीही म्हटलं. मग ती पोरगी उभी राहिली आणि घाबरत म्हणाली, "म्हंजे काय, बाई?"

आता मागे फिरता येत नव्हतं. मी फळ्यावर शब्द लिहिला. सांगितलं की फार जुन्या काळी रोम देशात लोक तोंडाला ओस म्हणत आणि हलवण्याला सितारे. तोंड हललं की झाली जांभई. ओसपासूनच ओरल निघाला, तुमची तोंडी परीक्षा. मुली तोंड उघडून ओस, ओस करून बघू लागल्या. एकीनं विचारलं, मग शिंकेला काय म्हणत? मी तेही सांगितलं. भुकेला? तेही. वर्ग चांगला जागा झाला आणि मागे अध्यक्षांना खरोखरच जांभई आली, तेव्हा पोरी बाकाखाली तोंडं घालून हसल्या. मुख्याध्यापिकाबाईही हसल्या. धडा तिथेच संपला. मुलींना बाहेर पाठवलं.

अध्यक्षांनी विचारलं, "हा शब्द इंग्रजीच आहे?"

"हो. जुना आहे. आता वापरत नाहीत."

"मग तुम्ही कशा वापरता?"

"आमच्या घरी वापरतात."

"घरी," ते म्हणाले आणि समोरचा अर्ज उचलून माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं. "वडील काय करतात?"

"प्राथमिक शिक्षक आहेत."

"त्यांना लॅटिन येतं?"

"स्वतः शिकले."

मग अगदी सहज, आपुलकीनं म्हणावं तसं अध्यक्षांनी विचारलं, "कुठल्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला वगैरे होते का? तिथे कानावर पडलं असेल." त्यात खवचटपणा नव्हता. तो असता तर मला उत्तर सोपं गेलं असतं. त्यांना खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. लॅटिन आमच्यापर्यंत यायचं तर ते कोणाच्या तरी घरात झाडू मारताना किंवा ताट उचलतानाच येणार, एवढंच त्यांच्या डोक्यात बसत होतं. मी म्हटलं, "माझे आजोबा होते. पाद्रीसाहेबांच्या बागेत. वडील तिथे वाचत बसायचे." "अस्सं," ते म्हणाले आणि अर्ज खाली ठेवला. मी खिडकीकडे पाहिलं. टोपी होती तिथेच होती, जरासुद्धा हलली नाही. म्हणजे बाबांना सगळं ऐकू गेलं होतं.

परतीच्या गाडीत बरीच गर्दी होती. मूर्तिजापूरला माणसं उतरल्यावर जागा झाली आणि आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "बाबा, मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही. तू बरोबर सांगितलं." मग म्हणाले, "पण तुझा आजा बागेत नव्हता. तबेल्यात होता. घोड्याची लीद काढायचा. मी तुम्हाला बाग सांगत आलो." त्यांनी टोपी जरा सरळ केली. "साहेब निघाले तेव्हा त्यांनी घोडा विकला आणि कोश मला दिला," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, हे शब्द कोणाचेच नाहीत. यांना हात लावला तर कोणी विचारणार नाही, तू कोण. आज विचारलंच." एवढं म्हणून त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बडनेरा येईपर्यंत डोळे मिटून बसले. झोपले नव्हते. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ती बोलून दाखवायची आमच्यात रीत नव्हती.

नोकरी मला मिळाली. मुख्याध्यापिकाबाईंनी हट्ट धरला असं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मी त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. मायचं जिन सुटलं, खोकला मात्र पुरता कधी गेला नाही. अध्यक्ष पुढे माझ्याशी नेहमी चांगले वागले, दर संमेलनात "आमच्या लॅटिनवाल्या बाई" म्हणून पाहुण्यांशी ओळख करून देत. मी नमस्कार करायचे. अशा वेळी काय वाटायला हवं हेसुद्धा पुढे पुढे कळेनासं होतं. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

माय जिनातून येऊन चुलीपुढे बसली होती. कसं झालं, तिनं विचारलं. मी म्हटलं, कळवतील. तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. ताटं वाढली. वरण, भाकर, कांदा. बाबा सकाळी घाईत निघाले होते, त्यामुळे त्या दिवशी शब्द दिलेलाच नव्हता. मंदा माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे. मायनं आम्हा दोघींना दुसरी भाकर न विचारता वाढली. बाबांनी आपली पहिली संपवली आणि हात पुढे केला. मायनं भाकर हातात धरून ठेवली.

"शब्द सांगा पयले," ती म्हणाली. "मंग भाकर."

मला वाटलं, बाबा आता चिडतील. ते एवढंच म्हणाले, "आज नाही."

"काहून नाही? पोरीयले तं रोज इचारत होते."

"आज राहू दे."

"मंग मीच इचारतो," माय म्हणाली. "लासिटूड. सांगा, कुठून आला?"

चुलीतली पऱ्हाटी जळून खाली पडली, मायनं ती आत सारली आणि तशीच भाकर हातात घेऊन थांबली. शेवटी बाबा म्हणाले, "लॅसस."

"म्हंजे?"

"थकलेला."

"कोन?"

हा प्रश्न आमच्या नेमात नव्हता. बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवईत अजून भुसका अडकलेला होता.

"मी," बाबा म्हणाले.

मायनं मान हलवली. "मले वाटलं होतं," ती म्हणाली, "हा शब्द एकट्या माहाच हाय."

बाबांनी आपलं ताट बाजूला ओढलं आणि भिंतीपाशी जागा केली. "इकडे ये," ते म्हणाले. "बस. तूही जेव." माय गुडघ्यावर हात टेकून उठली, आपलं ताट घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी पाठ टेकून बसली. हातातली भाकर तिनं मोडली, अर्धी त्यांच्या ताटात ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली.